ओल्या पावलांचा शॉट

पन्नाशी हाकेच्या अंतरावर आली तेव्हा मला 'उदयोन्मुख अभ्यासक' हे विशेषण मिळालं. एका चर्चासत्राच्या पत्रिकेत ते छापून आलं, आणि बायकोने ती पत्रिका फ्रीजच्या दारावर लावून टाकली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. "हे बघा, आमच्याकडे उगवतंय." हे म्हणताना ती माझ्या डोक्यावर जे मावळत चाललंय त्याकडे बघायची, त्यामुळे मला उलट बोलायची सोय नसे.

त्याआधी बरीच वर्षं मी एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासत होतो. कुणाची गाडी खरंच ठोकली, कुणाचं गोदाम खरंच भिजलं, हे बघायचं काम. चाळिशीत सिनेमाचा अभ्यास करायचं डोक्यात घेतलं, नोकरी सोडली, पोराटोरांच्या शेजारी बाकावर बसून एम.ए. केलं, मग पीएच.डी. केली. आमच्या नातेवाइकांत याबद्दल अजून दोन तट आहेत. एक तट म्हणतो, ह्याला वेड लागलं म्हणून ह्याने नोकरी सोडली. दुसरा म्हणतो, नोकरी सुटली म्हणून वेड लागलं.

हल्ली माझे तीन धंदे एकाच वेळी चालू असतात. सकाळी नाहूरच्या घरी डायनिंग टेबलवर माझं पहिलं पुस्तक लिहायचं. दुपारी अंधेरीच्या एका कॉलेजात सिनेमा शिकवायचा, तोही तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवाल तितकेच तुम्ही कॉलेजचे, घंटा झाली की पाहुणे. आणि घाटकोपर ते अंधेरी मेट्रोत उभ्या-उभ्या संपादन करायचं. मराठी चित्रपटावरच्या लेखांचं एक वार्षिक निघतं, त्याचा मी संपादक आहे. संपादकाला तिथे मान आहे, खुर्ची नाही.

या संपादनात मी कडक म्हणून बदनाम आहे. कुणीही एखाद्या शॉटचं वर्णन केलं, की समासात माझा प्रश्न ठरलेला: 'कोणत्या मिनिटाला?' कारण सिनेमावर लिहिणाऱ्यांना एक खोड असते. ते आठवणीतून लिहितात. नायिका रडलेली नसते आणि हे लिहितात की तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. पाणी यांच्या डोळ्यांत तरळलेलं असतं. म्हणून माझा नियम असा की मिनिट सांगा, नाहीतर शॉट काढा. माझ्यामागे लेखक मंडळी मला 'मिनिटवाले सर' म्हणतात. माझ्या कानावर आलंय, आणि खोटं कशाला बोला, ऐकून बरं वाटलं होतं.

आता त्या शॉटबद्दल सांगतो.

एक जुना कृष्णधवल मराठी चित्रपट आहे. नाव देत नाही, माझ्यापायी त्याला पुरेसा त्रास झालाय. त्यात एका घरातली सून सकाळी घर सोडून निघते. ती मोरीतून बाहेर येते, ओल्या पायांनी स्वयंपाकघर ओलांडते, दारात चपला घालते, दार ओढून घेते. गेली. पण कॅमेरा तिच्या मागे जात नाही, आतच राहतो. घरात कुणी नाही. काळ्या जमिनीवर तिची ओली पावलं आहेत आणि ती एकेक करून वाळतायत. आधी मोरीजवळचं, मग त्याच्या पुढचं, मग मधली. शेवटी उंबऱ्याशी एकच उरतं. मग तेही जातं.

या एका शॉटवर माझं पुस्तक उभं होतं. पुस्तकाचं म्हणणं असं, की ज्या काळात आपला कॅमेरा माणसांना चिकटून असायचा, त्या काळात कुणीतरी तो रिकाम्या घरात ठेवायचं धाडस केलं. पहिलं प्रकरण पूर्ण त्या शॉटवर आणि पुढची प्रकरणं त्याला टेकून उभी. त्याच सुमारास कॉलेजात पूर्णवेळ जागा निघाली होती. प्राचार्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पुस्तक येतंय ना? मग तुमचं नाव पुढे आहे." प्रकाशकाने 'छापत आहोत' असं पत्रही दिलं होतं. म्हणजे माझा पाहुणा ते घरचा असा सगळा प्रवास त्या सात-आठ ओल्या पावलांवरून होणार होता.

अडचण एवढीच की माझ्याकडच्या कॉपीत तो शॉट नव्हता. कुणीतरी टीव्हीवरून कॅसेटवर उतरवलेली, कॅसेटवरून सीडीवर आलेली ती कॉपी. दार बंद होतं, चित्र फाटल्यासारखं हलतं, धुण्याच्या साबणाची अर्धी जाहिरात येते आणि एकदम पुढचा प्रसंग. टीव्हीवाल्यांनी कापला, असं मी धरून चाललो होतो. कारण मी तो पाहिलेला होता. लहानपणी, थिएटरात, आईच्या मांडीवर बसून. आईच्या नऊवारीचा वाससुद्धा मला आठवत होता. (आई नऊवारी कधीच नेसली नाही, हे लक्षात यायला मला पुढे बराच काळ लागला.)

त्यामुळे वर्गात मी दार बंद होईपर्यंत चित्रपट दाखवायचो, तिथे थांबवायचो, दिवे लावू द्यायचो नाही, आणि पुढचा शॉट सांगायचो. हळूहळू, एकेक पाऊल. फार रंगायचं ते. मुलं पडद्याकडे बघणं सोडून वर्गाच्या जमिनीकडे बघायला लागायची. एका वर्षी पहिल्या बाकावरच्या मुलीने नकळत पाय उचलून बाकावर घेतले. मला वाटलं, यालाच शिकवणं म्हणतात.

आईला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. शेवटची काही वर्षं ती आमच्याकडेच होती. आंघोळ करून ती ओल्या पायांनी थेट हॉल ओलांडून देवाकडे जायची. मी घसरण्याच्या भीतीने बाथरूमच्या दारापासून ओळीने पायपुसणी घातली होती. ती प्रत्येक पायपुसणं अंगठ्याने बाजूला सरकवायची आणि फरशीवरूनच जायची. "आई, पाय पुस ना." "वाळतील रे. पावलं काय राहायला येतात?" ती गेल्यावर पायपुसणी तशीच ओळीने पडून राहिली, नीट, सरळ. कुणी सरकवत नव्हतं. मला ते बघवायचं नाही आणि उचलवायचंही नाही.

एक दिवस मेट्रोत एक लेख वाचत होतो. लिहिणारी माझी जुनी विद्यार्थिनी. आता जोगेश्वरीच्या एका कॉलेजात शिकवते, माझ्यासारखीच तासिका तत्त्वावर. तिने त्या शॉटवर लिहिलं होतं, आणि फारच सुंदर लिहिलं होतं. जमिनीला एक बारीक भेग आहे, एक पाऊल बरोबर त्या भेगेवर पडलंय, आणि वाळताना ते भेगेपाशी दोन तुकडे होऊन वाळतं. माझ्या अंगावर काटा आला. काटा ओसरल्यावर हाताने सवयीने समासात लिहिलं: 'कोणत्या मिनिटाला?'

संध्याकाळी तिचा फोन.

"सर, तुम्ही विचारताय? तुम्ही?"

"नियम म्हणजे नियम."

"अहो पण सर, तो आपल्या कॉपीत नाहीच ना! तुम्ही सांगितलात तसा लिहिला मी."

"ठीक आहे, पण ती भेग?"

"भेग तुम्हीच सांगितली होती."

"मी नाही सांगितली."

"सांगितली होती, सर. शेवटच्या बाकावर बसले होते मी त्या दिवशी."

"अगं, मी भेग आज पहिल्यांदा वाचली, तुझ्या लेखात."

ती हसली, पण ते हसू काही जमलं नाही. "मग मला दिसली कशी?"

सुदैवाने, म्हणजे तेव्हा तरी सुदैवाने असंच वाटलं, एका संग्रहालयाने त्या चित्रपटाची अखंड प्रत नव्याने उतरवून घेतली होती आणि मी कधीचा तिच्या मागे लागलो होतो. त्याच आठवड्यात त्यांची लिंक आली. दुपारची वेळ, स्टाफरूममध्ये कुणी नाही, बाहेर कॉलेजच्या फेस्टिव्हलचा ढोल चाललेला. मी कानात हेडफोन घातले आणि भेगेचा निकाल लावायला बसलो. मनात होतं की पोरीचं खोटं ठरलं तर हळुवारपणे सांगू.

सून मोरीतून बाहेर आली. स्वयंपाकघर ओलांडलं. चपला. दार. दार बंद झालं आणि पुढच्याच क्षणी एस.टी. स्टँड.

मी मागे घेतलं. दार, एस.टी. स्टँड. पुन्हा मागे. दार, एस.टी. स्टँड.

मन किती चिवट असतं बघा. मला वाटलं, मूळ प्रतीतूनही कापला असणार. पण कापाकापी ओळखायची एक साधी खूण आहे, मीच वर्गात शिकवतो. कान द्यायचा. मधून चित्र काढलं की संगीत तुटतं, सूर उडी मारतो. इथे सारंगी वाजत होती. दार बंद होण्याआधी सुरू झालेला सूर दारावरून, एस.टी. स्टँडवरून, सलग, एका श्वासात पुढे गेला होता. मध्ये केसाइतकी फट नव्हती. तिथून काही काढलेलं नव्हतं. तिथे काही नव्हतंच.

आणि एवढंच नाही. ती मोरीतून बाहेर येते तेव्हा तिचे पाय कोरडे होते. इतकी वर्षं त्या धूसर सीडीत मला ते ओले दिसत होते.

मी हेडफोन काढले. ढोल थांबला होता. स्टाफरूमच्या फरशीवर नुकतंच कुणीतरी पोछा मारून गेलं होतं आणि दारापासून माझ्या टेबलापर्यंत चपलांचे ओले ठसे होते. माझेच असणार. दुसरं कुणी नव्हतं तिथे. तरी मी पाय खुर्चीवर घेऊन बसलो, त्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखा.

घरी बायकोला सांगितलं. ती गवार मोडत होती.

"मग काढून टाक ना तो शॉट. तू लोकांना सांगतोस तसं."

"तो काढला तर पुस्तकात उरतं काय?"

"संदर्भसूची," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून गवार बाजूला ठेवली. "बरं, मला एक सांग. मांडीवर बसून बघितलास म्हणतोस. सिनेमा कधीचा? तुझा जन्म कधीचा?"

"पुन्हा लागला असेल गं. तेव्हा जुने सिनेमे पुन्हा लागायचे मॅटिनीला."

"असेल असेल काय करतोस? विमा कंपनीत असतास तर असा दावा पास केला असतास?"

नसता केला. म्हणून रविवारी दुपारी मी दहिसरला मावशीकडे गेलो. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. त्या पिढीतली आता तीच राहिली आहे. ती मोड आलेले वाल सोलत बसली होती. मी बसलो तसं तिने अर्धे वाल माझ्यापुढे लोटले. मावशीकडे रिकामे हात चालत नाहीत, तुम्ही डॉक्टरेट असलात तरी.

"मावशी, तो सिनेमा मी आईबरोबर पाहिला होता ना?"

"तू? तू कुठे होतास रे तेव्हा? मी आणि ताई गेलो होतो. तिचं लग्नसुद्धा झालं नव्हतं."

"मग नंतर कधी?"

"नंतर तो लागलाच नाही. पडला होता ना सपशेल."

"मग मला कसा आठवतो?"

"आठवणारच! तुमच्या घाटकोपरच्या चाळीत किती वेळा सांगितला तिने. आख्ख्या चाळीला पाठ होता."

आणि मग मला खरं काय ते आठवलं. आमच्या चाळीत बायकांची एक रीत होती. सगळ्यांना सिनेमाला जाणं जमायचं नाही, म्हणून एकीने जायचं. बाकीच्यांनी तिची पोरं सांभाळायची, तिचा कुकर लावायचा. तिने परत येऊन दुसऱ्या दिवशी दुपारी गॅलरीत बसून सगळ्यांना सिनेमा सांगायचा. पाळ्या लावलेल्या असायच्या, पण बहुतेक वेळा आईलाच पाठवायचे. "तूच जा बाई, तुझ्या तोंडून बघायला बरा वाटतो." नवा नसला की लग्नाआधी पाहिलेला हा जुनाच पुन्हा सांगायला लावायचे. कुणी तांदूळ निवडतंय, कुणी वाती वळतंय, आणि आई सांगतेय. मी तिच्या मांडीवर. ती नुसती गोष्ट नाही सांगायची. कुठून दिसतं तेही सांगायची. "ती गेली हं. आपण मात्र घरातच." कॅमेरा हा शब्द तिला ठाऊक असून नसल्यासारखा. तिच्या बोलीत कॅमेऱ्याला 'आपण' म्हणायचे. नऊवारी शेजारच्या काकूंची असणार, त्या चिकटून बसायच्या.

"मावशी, त्यात ती पावलं होती का? ओली, वाळत जाणारी?"

मावशीचा हात थांबला.

"सिनेमात? छे रे."

"आई तर सांगायची."

"सांगायची. तुमच्या चाळीतल्या एकीला पुढे कुणाकडे तरी टीव्हीवर तो सिनेमा बघायला मिळाला. ती येऊन भांडली ताईशी. म्हणाली, त्यात ते पावलांचं काही नव्हतं गं! ताई म्हणते, तू लवकर उठलीस." मावशी हसली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "ती आमच्या आईची पावलं."

मी वाल सोलत राहिलो.

"जोगेश्वरीला बैठ्या चाळीत राहायचो आम्ही. कोब्याची काळी जमीन, कोपऱ्यात मोरी. आईला छातीचं दुखणं. त्या दिवशी दवाखान्यात ठेवणार होते, म्हणून सकाळी लवकर आंघोळ केली तिने. बाबा बाहेर टांगा घेऊन उभे. आई मोरीतून निघाली ती तशीच दारात गेली, चपला घातल्या, ताईला म्हणाली, चहा झाकून ठेवलाय. दार ओढून घेतलं आणि गेली. परत काही आली नाही."

"आणि आई?"

"ताई मला मांडीवर घेऊन तिथेच बसली. केवढी होती ती तरी! जमिनीवर आईची पावलं ओली. ती बघत बसली."

माझ्या तोंडून आपोआप निघालं. वर्गात इतकी वर्षं सांगितलेलं. "आधी मोरीजवळचं वाळलं, मग मधली, शेवटी उंबऱ्याजवळचं राहिलं."

"उलटं सांगतोयस."

"काय?"

"अरे बाळा, डोकं चालव. मोरीतून निघताना पाय निथळत असतात. दारापर्यंत जाईतो पाणी उरतं कुठे? दाराजवळचं पाऊल पुसट असणार ना! ते आधी वाळलं. मग त्याच्या आतलं. मग आणखी आतलं. मोरीकडे, मोरीकडे." तिने सोललेले वाल एकेक करून स्वतःकडे ओढत दाखवलं. "ताई मला म्हणाली, बघ बघ, आई परत येतेय."

खिडकीतून दहिसर नदीवरून वारा येत होता आणि वालांची सालं जमिनीवर सरकत होती. मला ती उचलायचं सुचेना.

"तुला हे आठवतं, मावशी?"

"मला कसं आठवेल? मी रांगत असेन. ताईने सांगितलं, म्हणून आठवतं."

निघताना दारात मी विचारलंच. "त्या जमिनीला भेग होती का गं?"

"कोब्याला भेग नाही असं घर दाखव मला," मावशी म्हणाली. "जपून जा."

मी आईचा शॉट उलटा केला होता. कधी केला ते सांगता येणार नाही. बहुतेक पहिल्यांदा वर्गात सांगताना, कारण पाऊल उंबऱ्याशी संपलं की ती गेल्यासारखी वाटते आणि प्रकरणाला शेवट मिळतो. आईच्या शॉटमध्ये ती जात नव्हती.

मुलाखत त्याच आठवड्यात होती. तोवर मी कॉलेजात कुणालाच काही बोललो नव्हतो. बायको सकाळी इस्त्रीचा शर्ट देताना एवढंच म्हणाली, "काय बोलायचं ते ठरवलंयस?" मी म्हटलं, "विचारलं तर बघू." ती म्हणाली, "म्हणजे नाही ठरवलंस."

टेबलामागे प्राचार्य आणि आणखी दोघं. मधोमध बाहेरून आलेले एक ज्येष्ठ तज्ज्ञ, ज्यांचा शब्द अखेरचा. गोड माणूस. त्यांनीच सुरुवात केली.

"तुमचं एक व्याख्यान ऐकलंय मी. तो ओल्या पावलांचा शॉट. वा! आणि गंमत सांगू? तुम्ही सांगितलात आणि मला एकदम आठवलं. मी तो लहानपणी थिएटरात पाहिलाय. अजून डोळ्यांपुढे आहे."

प्राचार्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, झालं काम अशी. खरंच झालं होतं. माझ्याकडे आता साक्षीदार होता. प्रत्यक्ष पाहिलेला, वयाने मोठा, मानाने मोठा. मला फक्त हसायचं होतं.

"सर," मी विचारलं, "शेवटी कुठलं पाऊल राहतं?"

"उंबऱ्याजवळचं!" ते डोळे मिटून म्हणाले. "अगदी उंबऱ्याजवळचं."

ते माझं पाऊल होतं. आईचं नव्हतं, आजीचंही नव्हतं. मी बनवलेलं एक पाऊल या भल्या माणसाच्या बालपणात जाऊन उमटलं होतं. आणखी काही वर्षं मी शिकवलं असतं तर अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत किती जणांच्या बालपणात ते गेलं असतं, आणि माझ्या आईच्या शॉटमधली पावलं कायमची उलट्या दिशेने चालत घराबाहेर गेली असती.

"सर, तो शॉट त्या चित्रपटात नाही," मी म्हणालो.

मग मी सारंगीचं सांगितलं, कोरड्या पायांचं सांगितलं. आजीचं नाही सांगितलं. तिला मुलाखतीला कशाला आणायचं!

"म्हणजे तुमचं पुस्तक?" प्राचार्यांनी विचारलं.

"पहिल्या प्रकरणापासून पुन्हा लिहावं लागेल."

तज्ज्ञांचा चेहरा कुणीतरी त्यांच्या घरातली वस्तू उचलून नेल्यासारखा झाला होता. "कापला असणार," ते म्हणाले. "त्या काळी फार कापायचे हो. मी पाहिलाय तो."

मी वाद घातला नाही. काय घालणार? तेच वाक्य मी इतकी वर्षं म्हणत आलो होतो.

जागा दुसऱ्या एका बाईंना मिळाली. हुशार आहेत. त्यांच्या पुस्तकातले सगळे शॉट चित्रपटात आहेत, मी तपासले. प्रकाशकांनी मोठ्या मनाने मुदत वाढवून दिली आणि ते पत्र मात्र परत मागून घेतलं. जोगेश्वरीच्या माझ्या विद्यार्थिनीला मी फोन करून सगळं सांगितलं, आणि लेखातला तो भाग काढायला लावला. तिने मुकाट्याने काढला. शेवटी एवढंच विचारलं, "सर, मग मी पाहिलं ते काय होतं?" याला संपादकाकडे नियम नाही. समासात काय लिहू?

फ्रीजवरची पत्रिका अजून तिथेच आहे. "राहू दे," बायको म्हणते, "अजून उगवायचंय आपल्याला."

गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी आंघोळ करून बाहेर येत होतो तेवढ्यात बेल वाजली. दूधवाला पिशव्या लटकवून गेला असणार. मी पायपुसणी अंगठ्याने बाजूला सरकवत तसाच ओल्या पायांनी दारापर्यंत गेलो. आपण हे काय करतोय ते पिशव्या हातात आल्यावर कळलं. दार लावून वळलो. आमची फरशी राखाडी, त्यावर बाथरूमपासून माझ्यापर्यंत पावलं.

बायको फडकं घेऊन आली. "काय रे हे! अगदी आईंसारखं. पाय पुसायला काय होतं तुला?"

"थांब. पुसू नकोस."

"का?"

"बघ ना."

ती काहीतरी टोमणा मारणार होती, पण मारला नाही. फडकं हातात धरून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. माझ्या पायांजवळचं पाऊल आधीच पुसट होतं. टाच गेली, मग बोटं गेली. मग त्याच्या आतलं गेलं. मग हॉलच्या मधलं, जिथून आई देवाकडे वळायची. खाली वॉचमन कुणाला तरी गाडी मागे घे म्हणून ओरडत होता. पावलं एकेक करून आत चालली होती, अजिबात घाई न करता.

"अगं बाई," बायको हळूच म्हणाली.

आणि न ठरवता आम्ही दोघं भिंतीला सरकलो, कुणीतरी जवळून जाताना वाट द्यावी तसे.